महाड उपविभागाला मानसशास्त्रज्ञ द्या

पोलीस दलाला मानसशास्त्राचे वावडे आहे असे कोणी म्हणू नये. उलट आकर्षणच फार आहे, फक्त ते चौकशीच्या खोलीपुरते आहे. नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग हे शब्द कालपरवा भरती झालेल्या शिपायालाही पाठ असतात. पुण्यातल्या एका खुनाच्या खटल्यात २००८ साली आरोपीला दोषी ठरवताना मेंदूतील विद्युत लहरींच्या चाचणीचा आधार घेतला गेला, तेव्हा त्याची चर्चा परदेशांतही झाली. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात अशा चाचण्या संमतीवाचून करता येणार नाहीत असे बजावले. तरीही एखादा तपास अडला की ‘नार्को करा’ ही आरोळी अजून उठतेच. आरोपीच्या डोक्यात शिरण्याची एवढी हौस असलेल्या या खात्यात, चिखलातून प्रेत उचलणाऱ्या हवालदाराच्या डोक्यात काय साचले आहे याची विचारपूस करणे हे कोणाचे काम आहे? या प्रश्नाचे सरळ उत्तर रायगड जिल्ह्याइतके दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याला क्वचितच हवे असेल. त्यातही महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांना.

जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते येथे दरडी आल्या आणि माणसे गाडली गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. त्याबरोबर दोन एसटी बस आणि इतर वाहनेही गेली. मृतदेह खाडीत सापडत राहिले, काही तर थेट समुद्रकिनाऱ्यावर. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस पोलादपूरच्या आंबेनळी घाटात कोसळली आणि तीस जण गेले. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून सोळा जणांचा मृत्यू झाला. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड आली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि सुतारवाडीवरही दरड आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाड एमआयडीसीतील औषध कारखान्यात स्फोट झाला आणि आगीत कामगार गेले.

या यादीत एक गोष्ट सहसा कोणी पाहत नाही. पोलीस अधीक्षक दोन-तीन वर्षांनी बदलून जातात, उपविभागीय अधिकारीही जातात. शिपायाची बदली मात्र जिल्ह्यातल्या जिल्ह्यातच फिरते. २००४ साली रायगडमध्ये भरती झालेला जवान महाड शहर, महाड तालुका, एमआयडीसी, पोलादपूर अशा ठाण्यांत फिरत राहिला असेल, तर वरच्या यादीतल्या बहुतेक तारखा त्याच्या ड्युटीत येऊन गेलेल्या आहेत. अधूनमधून २० मार्चचा चवदार तळ्याचा बंदोबस्त, रायगडावरचा ६ जून, गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग आणि कशेडी घाटातले बारमाही अपघात हे आहेच. तो रांगेत उभा असतो म्हणून तो ठीक आहे, एवढाच हिशेब खाते करते.

तळियेत काय झाले ते जरा सविस्तर आठवावे. त्या चोवीस तासांत वर महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. खाली महाड शहर पाण्यात होते, रस्ते तुटले होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे पथक तळियेला दुसऱ्या दिवशी पोचू शकले. तोवर जे काही केले ते गावकऱ्यांनी आणि स्थानिक यंत्रणेने. ऐंशीहून अधिक माणसे गेली आणि त्यांतली तीसेक शेवटपर्यंत सापडलीच नाहीत. शोध थांबवण्याचा निर्णय नातेवाइकांशी बोलून घ्यावा लागला. याच जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीत दोन वर्षांनी हेच पुन्हा घडले. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबला.

ज्याची आई अजून त्या मातीखाली आहे, त्याला ‘आता खोदकाम थांबवू या का’ असे विचारायचे कसे, हे कुठल्या प्रशिक्षण केंद्रात शिकवले जाते? मृतदेहाची ओळख कपड्यांवरून, हातातल्या बांगडीवरून पटवताना नातेवाइकाला किती वेळ उभे करावे, लहान भावाला आत सोडावे की नाही, मुंबईत कामाला असलेल्या मुलाला फोनवर काय आणि किती सांगावे, ही सारी कामे पोलीस करतो. मरणोत्तर पंचनाम्याचा नमुना त्याला पाठ असतो. बाकीचे तो स्वतःच्या स्वभावानुसार करतो. कोणी हळवा असतो तर कोणी तुसडा. तुसडा दिसणारा बहुतेकदा फार पाहिलेला असतो, हे आपण समजून घेत नाही आणि त्याच्याविरुद्ध तक्रार करतो.

शिवाय पोलीस म्हणजे फक्त खाकीतला माणूस नव्हे. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ खालचा पोलीस पाटील हा डोंगरातल्या वाडीवर शासनाचा पहिला आणि पुष्कळदा एकमेव माणूस असतो. दरड त्याच्याही घरावर येते. मेलेल्यांची यादी त्यालाच करावी लागते आणि त्या यादीत त्याचे भाऊबंद असतात. आंबेनळीच्या दरीत दोर लावून उतरलेले महाबळेश्वर आणि परिसरातले ट्रेकर, होमगार्ड, रुग्णवाहिकेचा चालक, हे सगळे याच ओळीत येतात. त्यांचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळते. चार महिन्यांनी रात्री झोप लागते का, हे कोणी विचारत नाही.

जगात या कामाला स्वतंत्र शाखेचा दर्जा मिळून बराच काळ लोटला. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी १९६८ मध्ये मार्टिन रायझर यांना पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमले. न्यूयॉर्क पोलिसांतील हार्वी श्लॉसबर्ग हे गुप्तहेरही होते आणि मानसशास्त्राचे डॉक्टरही. म्युनिक ऑलिम्पिकमधील १९७२ च्या हत्याकांडानंतर ओलीस सोडवण्यासाठी बोलणी कशी करावीत याची पद्धत त्यांनी घडवली. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१३ मध्ये ‘पोलीस व सार्वजनिक सुरक्षा मानसशास्त्र’ ही विशेष शाखा म्हणून मान्य केली. भरतीच्या वेळी योग्यता पारखणे, जवान आणि त्याच्या कुटुंबावर उपचार, प्रत्यक्ष कारवाईत सल्ला आणि वरिष्ठांना खात्याच्या कारभाराविषयी सल्ला ही तिची चार कामे. हे वाचून कोणाला ही अमेरिकेची चैन वाटेल. पण यातले एकही काम महाडला परके नाही.

आणि महाराष्ट्रालाही नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. मारहाण सोसून आलेल्या बाईशी बोलायला पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती बसू लागली. ती पोलीस नव्हती, पोलिसांच्या हुकमाखाली नव्हती, पण रोज त्यांच्याबरोबर होती. पुढे राज्य सरकारने हा नमुना उचलला आणि तो जिल्ह्याजिल्ह्यांत गेला. बाहेरच्या तज्ज्ञाने ठाण्यात बसून काम करावे आणि तरीही स्वतंत्र राहावे, हे जमते याचा चार दशकांचा पुरावा घरात आहे. फरक इतकाच, की हा कक्ष तक्रारदारासाठी होता. तक्रार लिहून घेणाऱ्यासाठी तसे काही करावे असे कोणाला सुचले नाही.

इथे एका सोप्या वाटेपासून सावध केले पाहिजे. मोठी दुर्घटना झाली की आठ दिवसांत एखादे ‘तणावमुक्ती शिबिर’ होते. सभागृहात दोनशे जवान बसवले जातात. प्राणायाम, एक भाषण, एक प्रेरक चित्रफीत आणि मग चहा. फोटो वर्तमानपत्रांकडे येतात, आम्हीही छापतो. दुर्घटनेनंतर सर्वांना एकत्र बसवून एकाच बैठकीत सगळे बोलते करण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत ऐंशीच्या दशकात फार बोकाळली होती. पुढच्या अभ्यासांत तिचा उपयोग दिसला नाही, काहींचा त्रास उलट वाढल्याचेही आढळले. ज्याला बोलायचे नाही त्याला बोलायला लावू नये, जेवण, झोप, घरी फोन आणि सुट्टी आधी द्यावी, त्रास महिनाभराने टिकला तर तो ओळखावा आणि योग्य उपचारांकडे न्यावे, हे आजचे शहाणपण आहे. ते शिबिरातून होत नाही. त्यासाठी ज्याला आधीपासून सगळे ओळखतात, जो मेमध्ये ठाण्यात येऊन चहा पिऊन गेलेला आहे, असा माणूस जुलैत हजर लागतो.

कायद्यानेही हे काम पोलिसांच्या गळ्यात घातलेले आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम १०० नुसार रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. कलम ११५ म्हणते की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे. त्याच कायद्याच्या कलम ३० मध्ये पोलिसांना याचे नियमित प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. महामार्गावरच्या महाड-पोलादपूरसारख्या ठाण्यांना असा फिरस्ता नवा नाही. त्याला न्यायचे कुठे? कोकणातले प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीला, दुसरे ठाण्याला आणि जिल्हा रुग्णालय शंभराहून अधिक किलोमीटरवर अलिबागला. याच जिल्ह्यात कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा संस्थेने रस्त्यावरचे हजारो मनोरुग्ण बरे करून घरी पोचवले आणि २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मॅगसेसे मिळवणारे काम जिल्ह्याच्या एका टोकाला चालते. दुसऱ्या टोकाच्या हवालदाराला मात्र अंगावर येणाऱ्या वेड्यासमोर काठी खाली कशी ठेवावी हे सांगणारे कोणी नाही.

भरतीकडेही पाहू. शिपाई व्हायला ५० गुणांची मैदानी चाचणी आणि १०० गुणांची लेखी परीक्षा असते. लेखीत ‘बुद्धिमत्ता चाचणी’ हा भाग आहे, पण त्यात अंकमाला आणि नातेसंबंधांची कोडी येतात. लष्करात अधिकारी व्हायला निघालेल्या मुलाला चित्रावरून गोष्ट लिहावी लागते, शब्दांवर चटकन प्रतिक्रिया द्यावी लागते. ज्याच्या हाती बंदूक आणि अटकेचा अधिकार देणार, त्या शिपायाच्या स्वभावाचा अंदाज मात्र घेतला जात नाही. लाखोंच्या भरतीत तसेच जसेच्या तसे करणे अशक्य आहे, आणि केलेच तर क्लासवाले महिनाभरात ‘आदर्श उत्तरे’ छापतील. त्यापेक्षा निवड झालेल्यांवर प्रशिक्षणाच्या नऊ महिन्यांत जाणत्या माणसाची नजर असावी, एवढे नक्की जमण्यासारखे आहे.

हे करणार कोण, असा प्रश्न येतो तेव्हा आमच्याच मुलींची आठवण होते. मानसशास्त्र घेऊन पदवी-पदव्युत्तर करणाऱ्यांत मुलींची संख्या मोठी असते. पुढे काय, तर शाळेत समुपदेशक, नाहीतर पुण्या-मुंबईच्या कंपनीत मनुष्यबळ विभाग. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीपर्यंत पोचणाऱ्या थोड्या, कारण जागा कमी आणि वाट लांब. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात न्यायवैद्यक मानसशास्त्राचा अभ्यासक्रम आहे. तो पुरा करून आलेल्या मुलीला महाराष्ट्र पोलिसांत शिरायला दार कोणते? प्रयोगशाळेतल्या मोजक्या जागा सोडल्या तर दाखवण्यासारखे काही नाही. पोलीस ठाणे, तुरुंग, अग्निशमन, आपत्ती व्यवस्थापन ही आयुष्यभराच्या कारकिर्दीची क्षेत्रे होऊ शकतात. पण कारकीर्द म्हणजे पद, पदोन्नती आणि निवृत्तिवेतन. अकरा महिन्यांच्या करारावर आलेली समुपदेशक ओळख होईपर्यंत गेलेली असते.

खरा अडसर मात्र पैशाचा नाही. जवान बोलत नाहीत, आणि त्याला कारण आहे. ‘डोक्याचा प्रॉब्लेम’ असे एकदा चिकटले की शस्त्र काढून घेतले जाईल, कंट्रोल रूमला किंवा मुख्यालयाला पाठवले जाईल, गोपनीय अहवालात ओळ येईल, मेसमध्ये हसतील. ही भीती निराधार म्हणता येणार नाही. म्हणून या पदावरची व्यक्ती पोलीस अधीक्षकांच्या शिस्तीच्या साखळीत असता कामा नये. आरोग्य विभागाकडून नेमणूक, पोलिसांच्या जागेत काम, आणि नोंदी कोणालाही पाहता येणार नाहीत अशी लेखी हमी हवी. अपवाद एकच, जिवाला धोका दिसला तर. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सर्वांना खुला आहे आणि तो ठाण्यात लावलाच पाहिजे. पण तळियेच्या चिखलात उभ्या माणसाजवळ क्रमांक येऊन उभा राहत नाही.

आमची मागणी मोठी नाही. महाड उपविभागासाठी एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि एक प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती, बसायला महाडच्या ग्रामीण रुग्णालयात खोली, आठवड्यातून एक दिवस पोलादपूर. चारही ठाण्यांचे कर्मचारी, होमगार्ड, पोलीस पाटील आणि बचावकार्यात उतरणारे ट्रेकर त्यांच्या कक्षेत असावेत. पहिल्या दोन वर्षांचा खर्च जिल्हा नियोजन समिती सहज पेलू शकते. पद कायम करण्याचे काम गृह आणि आरोग्य विभागांचे. पालकमंत्रिपदासाठी २०२५ मध्ये या जिल्ह्यात जी रस्सीखेच झाली तिच्यात महाडचे आमदारही दावेदार होते. तेवढा जोर या एका फायलीमागे लागला तर ती अधिवेशनाची वाट न पाहता हलेल. मेमधल्या मान्सूनपूर्व आढावा बैठकीत होड्या, जेसीबी, जनरेटर, दोर आणि पट्टीचे पोहणारे यांची यादी दरवर्षी वाचली जाते. यंदा तिच्यात या दोन पदांची ओळ घालावी, आणि नेमणुकीची तारीख ७ जूनच्या आतली असावी.