हजेरी आणि कर्तव्यबुद्धी

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील बागायतदार आजही फुलांचे आणि भाजीचे भारे घेऊन पहाटेची गाडी गाठतो. त्याच्या आगेमागे नोकरदारांचे लोंढे फलाटावर येतात. चर्चगेटपासून पन्नासएक किलोमीटर दूर राहणारा हा माणूस कामावर वेळेत पोहोचण्यासाठी रोज जो देह झिजवतो, तो पाहिला म्हणजे आपल्या संस्थांतील ढिलाईचे खापर जन्मजात आळसावर फोडता येत नाही. तरीही कचेरीत अर्ज घेऊन गेलेल्या नागरिकाला ‘उद्या या’ हे उत्तर ऐकावे लागतेच. माणसे तीच असताना त्यांची कार्यनिष्ठा संस्थेच्या दारात कोठे हरवते, हा खरा प्रश्न आहे.

वाडीत चूक आणि तिची शिक्षा यांत अंतर नसते. पानवेलीच्या पाण्याची हयगय झाली, तर नुकसान हयगय करणाऱ्याच्याच पदरी पडते. संस्थेत मात्र चूक एकाची आणि भोग दुसऱ्याचा अशी विभागणी होते. हे अंतर कमी करण्याचा एक प्रयोग वसईनेच केलेला आहे. सावकारी पाशातून शेतकऱ्याला सोडविण्यासाठी धर्मगुरू पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने १९१८ साली येथे पतसंस्था निघाली. तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक म्हणून वाढली. अशा संस्थेत कर्ज घेणारा, ठेव ठेवणारा आणि हिशेब विचारणारा हे एकमेकांचे शेजारी असतात. काम चोख ठेवण्यास ही ओळख उपदेशापेक्षा अधिक उपयोगी पडते.

जेथे ही ओळख तुटते, तेथे काय घडते हेही याच परिसराने पाहिले आहे. चार नगरपरिषदा आणि अनेक गावे मिळून २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. या हद्दीत, नालासोपारा पूर्वेस, सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि क्षेपणभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी २०२५ पर्यंत त्या भुईसपाट झाल्या आणि दोन हजारांहून अधिक कुटुंबे उघड्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचे प्राण गेले.

इमारत एका रात्रीत उभी राहत नाही. पाया खणला जातो, मजल्यावर मजला चढतो आणि प्रत्येक टप्प्याला तो पाहणे हे कोणाचे ना कोणाचे नेमून दिलेले काम असते. हा प्रश्न भ्रष्टाचाराचा आहे, कार्यनिष्ठेचा नव्हे, असे यावर कोणी म्हणेल. परंतु भ्रष्टाचार करणारे मूठभर असले, तरी त्यांचे साधते ते आपले काम न करता गप्प बसणाऱ्या अनेकांमुळे. त्या अनेकांनी कदाचित पैही घेतलेली नसेल आणि त्यांची हजेरीही पूर्ण भरलेली असेल.

येथेच आपल्या उपायांची मर्यादा दिसते. २००५ च्या विलंब-प्रतिबंध कायद्याने कर्मचाऱ्याने नस्ती सर्वसाधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ अडवू नये असे बंधन घातले. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठराविक मुदतीत सेवा मिळण्याचा अधिकार दिला आणि कसूर झाल्यास दंडाची तरतूद केली. २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा आला, तेव्हा रोजची वेळ वाढविण्यात आली. ही पावले योग्यच आहेत. परंतु ती काळ मोजतात. अप्रिय शेरा लिहिण्याचे जे काम नस्तीवर झालेच नाही, त्याची नोंद अंगठ्याच्या यंत्रात होत नाही.

निष्ठेचा प्रश्न एकतर्फीही नाही. वालीव, गोखिवरे, सातिवली येथील लहान कारखान्यांत काय किंवा सार्वजनिक सेवेत काय, कंत्राटावर राबणाऱ्याला उद्याची शाश्वती नसते. ज्या संस्थेने माणसाला आपला मानले नाही, तिने त्याच्याकडून आपलेपणाची अपेक्षा करणे हा व्यवहारही नव्हे आणि न्यायही नव्हे.

यावर करण्यासारखे बरेच आहे. प्रत्येक प्रभागातील बांधकामावर देखरेख कोणाची, हे नाव आणि हुद्द्यासह नागरिकांना ठाऊक असावे. त्या अधिकाऱ्याची बदली झाली, तरी त्याच्या काळातील दुर्लक्षाची जबाबदारी त्याच्यासोबत जावी. बढती देताना सेवेच्या वर्षांबरोबर केलेल्या कामाचाही विचार व्हावा. आणि नियमावर बोट ठेवून ‘नाही’ म्हणणाऱ्या कनिष्ठाच्या पाठीशी वरिष्ठाने उभे राहावे. हे शेवटचे काम सर्वांत कठीण आहे. पण ते झाल्याशिवाय बाकीचे उपाय कागदावरच राहतील आणि पुढच्या इमारतीतील कुटुंबांना त्याची किंमत मोजावी लागेल.