सौजन्याने केलेला अन्याय

रात्रीची वेळ. पोलीस शिपाई एक मोटार थांबवतो व कागदपत्रे मागतो. निम्म्या उत्तरदात्यांना दिलेल्या मजकुरात तो थांबवण्याचे कारण सांगतो, चालकाचे म्हणणे ऐकून घेतो. उरलेल्यांच्या मजकुरात तो नुसता हुकूम सोडतो. मग दोन्ही गटांना एकच प्रश्न : शिपायाचे वर्तन न्याय्य होते काय? अशा कल्पित प्रसंगांच्या आधारे पोलिसांविषयीचे लोकमत अजमावण्याची रीत पाश्चात्त्य संशोधकांत चांगलीच रुळली आहे. एकच तपशील बदलल्यामुळे मत कशाने फिरले ते नेमके कळते, आणि त्यासाठी कोणालाही खऱ्या चौकीत बसवावे लागत नाही. हा गुण लहान नव्हे.

या संशोधनामागचा विचार मुख्यतः टॉम टायलर यांचा. १९८४ साली शिकागोतील १,५७५ नागरिकांच्या मुलाखती दूरध्वनीवरून घेऊन त्यांनी दाखवले की, निकाल आपल्या बाजूने लागला की विरुद्ध, यापेक्षा आपले ऐकले गेले काय, आपला मान राखला गेला काय, यावर लोकांची कायद्यावरील निष्ठा अधिक अवलंबून असते. निष्कर्ष मोलाचा आहे. परंतु टायलर यांनीच ट्रेसी मिअर्स व जेकब गार्डनर यांच्यासह २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून त्याची दुसरी बाजूही दिसली. पोलिसाची कृती प्रत्यक्षात कायदेशीर होती की नाही, याचा लोकांच्या निवाड्यावर फारसा परिणाम होत नव्हता. तो कसा वागला, यावरच ते त्याला तोलत होते. म्हणजे बेकायदा अटकही गोड बोलून केली, तर ती न्याय्य वाटण्याचा संभव आहे! पोलीस खात्याला याहून स्वस्त सुधारणा कोणती हवी?

मुळात या गोष्टी फार उशिरा सुरू होतात. मोटार थांबलेली असते. तीच का थांबवली, हा प्रश्न गोष्टीच्या बाहेरच राहतो. 'कॉमन कॉज' व 'लोकनीती' यांच्या २०१९ च्या अहवालासाठी २१ राज्यांतील सुमारे १२,००० पोलिसांना प्रश्न विचारले गेले, तेव्हा मुसलमान हे स्वभावतःच कमीअधिक प्रमाणात गुन्ह्याकडे झुकलेले असतात, असे सुमारे निम्म्यांचे मत पडले. अशा मनाचा शिपाई कितीही अदबीने बोलला, तरी कोणाला हटकायचे हे त्याने तोंड उघडण्यापूर्वीच ठरवलेले असते. पारध्यांना हे कोणी शिकवावे लागत नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी शेजारच्या गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी पालाकडेच वळते, हा त्यांचा अनुभव आहे.

महाराष्ट्रातील विद्यापीठांना ही पद्धत जरूर वापरता येईल. मात्र प्रसंग येथला हवा. शिपाई पालावर येतो, "काका, जरा चौकीवर चला," असे नम्रपणे म्हणतो. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सक्तीचा केलेला अटकेचा लेखी मेमो तो करीत नाही, घरच्यांना कळवीत नाही. हे न्याय्य झाले काय? हा प्रश्न पुण्यातील प्राध्यापकाला विचारावा आणि पालावरच्या बाईलाही विचारावा, व दोघांची उत्तरे शेजारी शेजारी छापावीत.