पंप पाठीवरून उतरला, तरी हात सांभाळा



२०१७ सालचा हंगाम आपला यवतमाळ जिल्हा विसरणार नाही. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती. नळी उंच धरून मारलेला फवारा वाऱ्याने उलटून तोंडावर येई आणि घामाने भिजलेल्या अंगातून विष आत जाई. फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले.

त्याच वर्षी सप्टेंबरात जॉन डिअर या अमेरिकन कंपनीने ब्लू रिव्हर ही कंपनी विकत घेतली. तिचे यंत्र कॅमेऱ्याने पीक आणि तण वेगळे ओळखते व तणावरच औषध सोडते. बुटांच्या कारखान्यांतही गोंदाच्या वाफेत माणसाने करायचे काम आता कॅमेऱ्याने पाहणारे यांत्रिक हात करू लागले आहेत. धोक्याच्या जागेवरून माणूस हटवायचा, हाच दोन्हींचा फायदा.

आपल्या वावरात आले आहे ते ड्रोन. बचत गटांतील महिलांना ड्रोन देण्याची 'नमो ड्रोन दीदी' योजना केंद्राने २०२३ मध्ये मंजूर केली. दहा लिटर टाकीचे ड्रोन साधारण दहा मिनिटांत एकरभर फवारते. चालवणारा धुऱ्यावर, फवारा दूर. मात्र हे ड्रोन उपग्रहाच्या खुणेवर आखल्या वाटेने उडते, अळी ओळखत नाही. पिकात फिरून पाहणे तुमच्याकडेच राहते.

आणि एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पाठीवरच्या पंपाने एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागते, ड्रोनला दहाच्या आसपास. म्हणजे टाकीतले द्रावण कितीतरी पट कडक. ते कालवतो माणूसच! म्हणून :

– रबरी हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क लावूनच औषध काठीने ढवळा.
– मनाने दोन-तीन औषधे एकत्र करू नका.
– वाऱ्याच्या बाजूला उभे राहा. लेकरे व जनावरे दूर ठेवा.
– वारा जोराचा असेल, तर त्या दिवशी फवारणी नको.
– मळमळ, जास्तीचा घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली की काम थांबवा, कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा. डब्यावरचे नाव पाहून डॉक्टरांना उपचार ठरवता येतात.

मजूर लावलात, तरी हातमोजे तुम्हीच द्या. तोही कुणाच्या घरचा कर्ता आहे.