‘ग्वाल्हेर येथे दिली’, आणि ओळ संपली

पोस्ट लांब आहे. दुपारी चहा घेऊन बसाल तेव्हा वाचा, आणि घरातल्या पुरुषांना आवर्जून वाचायला द्या.

आमच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती निघते आहे. पहिली १९७८ ची. कोकणातून वाईला, वाईहून होळकरांच्या चाकरीत इंदूरला, असा सगळा प्रवास त्यात आहे. कोण फडात होतं, कुणाला कुठलं इनाम होतं, काही सुटलेलं नाही. गेल्या महिन्यात समितीच्या बैठकीत मी सुचवलं की माहितीच्या फॉर्मात एक रकाना वाढवा: कोण कशाने गेलं आणि कितव्या वर्षी. विशेषतः बायका. क्षणभर कुणी बोललं नाही. मग एक वडीलधारे म्हणाले, "अरे, हे काय दवाखान्याचं रजिस्टर आहे? मुलींची लग्नं व्हायची आहेत आपल्याकडे." तेवढ्यात पोहे आले आणि विषय संपला.

माझा संपला नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

माझ्या मोठ्या आत्याच्या नावापुढे पहिल्या आवृत्तीत ‘ग्वाल्हेर येथे दिली’ एवढंच आहे. दिली, की ओळ संपली. ती १९७४ साली गेली, वय ४९. पोटात पाणी झालं, असं आम्हाला सांगितलं. धाकटी आत्या देवासची. तिच्या छातीत गाठ निघाली, १९८५ साली गेली, ४४ व्या वर्षी. ग्वाल्हेरच्या लोकांना देवासचं ठाऊक नाही, देवासच्यांना ग्वाल्हेरचं नाही. आमच्या घरात मात्र कुजबुज सुरू झाली की आपल्या लेकींना काहीतरी लागलेलं आहे. पुढच्या वर्षी वडील त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण-नागबळी करून आले. मी त्यांना हसत नाही. हे घराण्यातलं आहे, एवढं त्यांनी बरोबर ओळखलं होतं. फक्त ते स्वतःच त्या वाटेवर उभे आहेत हे त्यांना कुणी सांगू शकत नव्हतं. ते ८३ वर्षं ठणठणीत जगले.

मग धारची चुलत बहीण. तिची पिशवी ४२ व्या वर्षीच काढली होती. "सुटली बिचारी, आता काही भीती नाही," असं आम्ही सगळे म्हणायचो. बीजांडं आणि बीजनलिका आतच होत्या. ५३ व्या वर्षी ती बीजांडाच्याच कॅन्सरने गेली. हे वाक्य परत वाचा, कारण आपल्याकडे पिशवी काढलेल्या बायका घरोघरी आहेत आणि नेमकं काय काढलं आणि काय ठेवलं, हे निम्म्याजणींना सांगता येत नाही.

शेवटी माझी सख्खी ताई, बडोद्याला दिलेली. २०१९ साली तिच्या पोटात पाणी झालं. हा शब्द पंचेचाळीस वर्षांनी घरात परत आला. तिथल्या इस्पितळात विचारलं, "आईला, मावशीला कुणाला कॅन्सर होता?" ताई म्हणाली नाही. खरंच नव्हता. आत्यांचं कुणी विचारलं नाही. बापाकडून मुलीला नाक येतं, रंग येतो, आणि कॅन्सर काय फक्त आईकडूनच येतो? वर्षभराने मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंनी कागदावर चौकोन-वर्तुळं काढायला सांगितली, पुरुष चौकोन, बायका वर्तुळ. ताईने नातवाच्या ड्रॉइंगच्या वहीत ती काढली. चार वर्तुळं काळी झाली, तिचं धरून. मग रक्ताची चाचणी केली. बीआरसीए-१ या जनुकात बिघाड निघाला.

थोडक्यात सांगतो. हे जनुक प्रत्येकात असतं, पेशीतली मोडतोड दुरुस्त करणं हे त्याचं काम. हा बिघाड आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो, आणि प्रत्येक मुलाला किंवा मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी. सर्वसाधारण शंभर बायकांत आयुष्यभरात एखादीला बीजांडाचा कॅन्सर होतो. हा बिघाड असेल तर चाळीसच्या आसपास जणींना. स्तनाचा धोका याहून जास्त. हे जनुक १९९४ साली हाती लागलं. म्हणजे आत्यांच्या वेळी कुणाच्या हातात काहीच नव्हतं, मान्य. धारच्या बहिणीच्या वेळी होतं. ताईच्या वेळी तर नक्कीच होतं.

समितीला मला एक गोष्ट सांगायची होती, पोह्यांमुळे राहिली. १८९५ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये अल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या डॉक्टरांकडे कपडे शिवणारी एक बाई होती. ती त्यांना म्हणाली, मीही लवकरच कॅन्सरने जाणार, आमच्याकडे सगळे पोटाच्या नाहीतर बायकांच्या दुखण्यानेच जातात. डॉक्टरांनी तिचं बोलणं झटकून न टाकता तिच्या घराण्याची वंशावळ लिहून काढली आणि १९१३ साली छापली. ती बाई गर्भाशयाच्याच कॅन्सरने गेली. आज ज्याला लिंच सिंड्रोम म्हणतात, ज्यात गर्भाशय आणि मोठं आतडं या दोहोंना धोका असतो, त्याची पहिली नोंद या घराण्याची. यंत्र नव्हतं, चाचणी नव्हती. एका शिवणकाम करणारीला आपल्या घरात कोण कशाने गेलं हे माहीत होतं आणि ते सांगायची तिला लाज वाटली नाही, बस्स. आम्ही सहा पिढ्यांची वंशावळ काढणारे, आम्हाला जमत नाही!

आता लग्नांचं. एकनाड बघतो, मंगळ बघतो, गोत्र टाळतो. रक्ताचा विचार लग्नात नको असं आपण म्हणतच नाही. फक्त जो विचार कामाचा तो नको. आणि ‘मुलींची लग्नं’ का? हा बिघाड मुलग्यांतही तितकाच उतरतो. मुलाच्या लग्नात हा प्रश्न कुणाला सुचत नाही, म्हणून तो त्याच्या मुलीपर्यंत गुपचूप पोचतो.

त्या काकांच्या बोलण्यात खरं किती, तेही सांगतो. छापील पुस्तकात कुणाच्या नावापुढे रोग लिहिणं बरोबर नाही, हे मला नंतर पटलं. पुस्तक कुणाच्याही हाती पडतं. माझी सूचनाच अर्धी कच्ची होती. पण मग वेगळा कागद करा, घराघरात ठेवा, आणि दिलेल्या लेकींना आणि त्यांच्या मुलांना त्याची प्रत द्या. लपवायचं जगापासून, आपल्याच भाच्यांपासून कशाला?

उद्या सगळ्यांनी उठून चाचणी करा, असंही मी म्हणत नाही. आधी जो आजारी आहे त्याची करायची. बीजांडाचा कॅन्सर निघालेल्या बाईची तर घरात दुसरं कुणी नसलं तरी करायची, कारण त्यावरून तिची औषधंही ठरतात. बिघाड नेमका कुठे आहे हे ताईमुळे कळलं, मग आम्हा बाकीच्यांना तेवढीच जागा तपासायची होती, खर्चही बराच कमी. चाचणीआधी जनुकीय समुपदेशकाशी बोला. खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये यासाठी स्वतंत्र विभाग आहे. कधी कधी निकालात ‘अर्थ न लागलेला बदल’ येतो. त्यावरून कुणी ऑपरेशन करू म्हणालं तर तिथून उठून या.

"दरवर्षी सोनोग्राफी करते ना ती," हे उत्तर मला अनेकदा मिळालं. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर सर्वसाधारण बायकांवर अभ्यास झाला, सोनोग्राफी आणि सीए-१२५ या रक्तचाचणीचा. २०२१ साली निष्कर्ष आला: त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. हा कॅन्सर दिसतो तेव्हा बहुधा पसरलेला असतो. बीआरसीए-१ असलेल्या बाईला मुलंबाळं झाल्यावर, साधारण ३५ ते ४० मध्ये, बीजांडं आणि बीजनलिका काढण्याचा सल्ला देतात. धोका सुमारे ८० टक्क्यांनी उतरतो. फुकट नाही मिळत हे. पाळी अचानक जाते, अंगाची लाही होते, हाडं ठिसूळ होऊ शकतात. निर्णय तिचा. पण तो घ्यायला आधी तिला कळायला तर हवं.

ताई २०२२ च्या श्रावणात गेली. मी माझी चाचणी त्याआधी तिच्यासमोरच केली. माझ्यात तो बिघाड आहे. वय ६४, मिशा, शुगर, आणि बीआरसीए-१. हे मी नावानिशी लिहितो आहे, कारण माझं कुणाशी लग्न ठरायचं नाही.

माझ्या मुलीनेही चाचणी केली. तिचा निकाल मी इथे लिहिणार नाही, तो तिचा आहे. तिच्या सासूबाईंना तिने स्वतः सांगितला. त्यांनी उठून फोन लावला तो त्यांच्या उज्जैनच्या नणंदेला, "तुमच्या आई नक्की कशाने गेल्या हो?" असं विचारायला.

समितीची पुढची बैठक रविवारी लोकमान्य नगरात आहे. कागदाचा नमुना मी छापून नेणार आहे, एका पानाचा: नाव, नातं, रोग, वय, आणि काय काढलं, काय ठेवलं. कुणाला हवा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पाठवतो. ग्वाल्हेरच्या आतेभावाला पहिला गेला आहे. त्याला दोन मुली आहेत.