नापास कोण झालं?

मोबाईलवरचं काही नवं गावात आलं आणि ते चाललं नाही, की बैठकीत एक वाक्य ठरलेलं असतं: "बायकांना जमत नाही, आधी त्यांचं प्रशिक्षण घ्या." अधिकारी हे म्हणतात, कंपनीतली मुलं म्हणतात आणि मैत्रिणींनो, आपणही म्हणतो. मी स्वतः म्हटलेलं आहे. मग प्रस्ताव लिहायचा, सतरंज्या घालायच्या आणि कोणीतरी वाईट लिहिलेल्या अर्जाची दिवसभर शिकवणी घ्यायची. अर्ज तसाच राहतो. पुढच्या गावात पुन्हा सतरंज्या.

या वाक्याशी माझं भांडण सुरू झालं ते तीन वर्षांपूर्वी. मी ज्या संस्थेत होते तिने बचत गटांच्या हिशोबासाठी अॅप करायला घेतलं. प्रोग्रॅम लिहिणारी मुलं पुण्यातली. बायकांना ओळखणारं कोणीतरी हवं म्हणून मला 'प्रॉडक्ट मॅनेजर' केलं. पद मोठं, पगार तोच. अॅपमध्ये काय हवं, काय नको हे ठरवायचं आणि चुकलं तर शिव्या खायच्या, असं ते काम. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत हा शब्दही कानावर आला नव्हता.

या धंद्यात 'युजेबिलिटी टेस्ट' नावाची एक अगदी साधी चाचणी असते. वस्तू सगळ्यांच्या गळ्यात मारण्याआधी ती वापरणाऱ्या माणसाच्या हातात द्यायची, एक काम सांगायचं आणि शेजारी बसून बघायचं. जेकब निल्सन या तज्ज्ञाने २००० साली मांडलं की पाच माणसं बसवली तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. स्टीव्ह क्रग तर महिन्यातली एक सकाळ आणि तीन माणसं एवढ्यावर भागवायला सांगतो. तेव्हा पैसा नाही, वेळ नाही ही सबब कोणी सांगू नये.

आम्ही बालवाडीच्या खोलीत पाच जणींना एकेक करून बसवलं. सांगितलं एवढंच, की गटातल्या एकीचे दोनशे रुपये आलेत, ते यात लिहून ठेवा. कुठे दाबायचं ते सांगितलं नाही. नाव सापडलं, आकडा लिहिला आणि पाचपैकी चौघी शेवटी येऊन थांबल्या. खाली हिरवं बटण होतं, 'जमा करा'. पोरांनी 'सबमिट'चं मराठी केलं होतं. एकीने विचारलं, "हे दाबलं तर माझ्या खात्यातनं पैसे जातील ना?" गटाच्या वहीत 'जमा' म्हणजे काय हे तिला पंधरा वर्षं पक्कं ठाऊक. ती बरोबर होती, बटण चुकीचं होतं. प्रशिक्षणात आम्ही तिला काय शिकवणार होतो? जमा म्हणजे जमा नव्हे, हे?

दुसरीच्या वेळी मला राहवलं नाही. "दाबा हो, काही होत नाही," मी बोलून गेले. तिने दाबलं आणि तिची चाचणी तिथेच फुकट गेली. कार्यकर्तीला गप्प बसणं फार जड जातं. बाई अडली की आपला हात पुढे जातोच. तिसरीपासून मी हात मांडीखाली घेऊन बसले. आधी सांगायचं, "ताई, परीक्षा या अॅपची आहे, तुमची नाही. मनात येईल ते मोठ्याने बोला." तिने "आता काय करू?" विचारलं तर उलट विचारायचं, "मी इथे नसते तर काय केलं असतं?" एकीने उत्तर दिलं, "पोराला हाक मारली असती." मी ते लिहून घेतलं आणि बराच वेळ त्याच ओळीकडे बघत राहिले. बाईच्या गटाचा हिशोब पोराच्या हातात जायचा रस्ता आम्हीच बांधत होतो.

आता हे सरकारी कारभाराला लावून बघा. पोषण ट्रॅकर अंगणवाडी सेविकांच्या हाती आलं तेव्हा इंग्रजीत होतं आणि दिलेले मोबाईल त्याला पुरे पडेनात. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी ते मोबाईल परत केले. ती बाहेर पडून, रस्त्यावर येऊन घेतलेली चाचणीच होती. 'लाडकी बहीण'ची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सक्तीची झाली. बाईच्या आधारनंतर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी. ज्यांचा नवरा आणि वडील दोघेही नाहीत त्यांनी काय करायचं, याचं उत्तर नोव्हेंबरमध्ये आलं: मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद द्या. आणि टाकलेल्या बाईने? तिच्याकडे यातला एकही कागद नसतो. शिवाय विधान नकारार्थी, घरातले कोणी सरकारी नोकरीत 'नाहीत', आणि पर्याय होय किंवा नाही. ज्या घरात कोणी नोकरदार नाही ती बाई सरळ 'नाही' दाबते, आणि अर्थ लागतो उलटा. डिसेंबरमध्ये दुरुस्तीची एक संधी द्यावी लागली. महिन्याचे पंधराशे रुपये ज्या उत्तरावर लटकले होते, ते विधान पाच बायकांसमोर तासभर ठेवलं असतं तर?

पण पाच म्हणजे कुठल्या पाच, हे विचारलंच पाहिजे. कंपन्या ऑफिसातल्याच मुलींना बसवतात आणि चाचणी झाली म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) स्वतः वापरतात असा मोबाईल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्के. उरलेल्यांचा फोन नवऱ्याच्या खिशात असतो, संध्याकाळी मिळतो, तोही कोणी बघत असताना. टाकलेली, अंगठा उठवणारी, चष्मा न परवडलेली अशी एक तरी त्या पाचांत हवी.

आपल्यातल्या काही जणी म्हणतील, नवऱ्याचा ओटीपी मागणं ही पुरुषसत्ता आहे, बटणांची गोष्ट नव्हे. मान्य. तो प्रश्न विचारावा की नाही हे कुठलीही चाचणी ठरवणार नाही, त्यासाठी भांडावंच लागेल. पण भांडायला हातात काय असतं? "हे स्त्रीविरोधी आहे" असं मी बैठकीत म्हटलं की माना हलतात आणि चहा येतो. "पाचपैकी चौघी इथे थांबल्या, का थांबल्या ते त्यांच्याच शब्दांत असं" हा कागद ठेवला त्या दिवशी मात्र बटण बदललं. आता तिथे 'वहीत लिहा' असं आहे.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, की चाचणी न झालेल्या अॅपच्या प्रशिक्षणाला आपण नाही म्हणावं. प्रकल्पाचा पैसा जाईल, जाऊ दे. बायकांना शिकवायला बोलावणाऱ्याला विचारावं: कोणावर तपासलंत, कधी, आणि त्या कुठे अडल्या? उत्तर नसेल तर आपणच पाच जणी बसवाव्यात आणि कागद तालुक्याला, जिल्ह्याला पाठवावा.

सुरुवात घरातूनच करतोय. आमच्या संघटनेचा सभासदत्वाचा अर्ज दोन पानी आहे. त्यात 'वैवाहिक स्थिती' असा रकाना आहे आणि टाकलेल्या बाईने खूण करावी अशी एकही चौकट नाही. पुढच्या महिन्यात तो पाच जणींसमोर ठेवणार आहोत. हात मांडीखाली घेऊन मीच बसणार आहे. अर्ज मीच लिहिलेला आहे.