रविवारी अकरा वाजता

दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी घरच्या हॉलमध्ये मोहल्ल्यातल्या मुलामुलींना वेबसाइट बनवायला शिकवतो. आठवडाभर नोकरीत हेच करतो. फरक एवढाच की इथे लॅपटॉप दोन आणि विद्यार्थी अकरा. बाकीचे मोबाइलवरच एचटीएमएल लिहितात.

मध्यंतरी जावास्क्रिप्टमध्ये शब्दाची लांबी मोजत होतो. एका मुलीने 'खिचडी' टाइप केले. उत्तर आले ५. "सर, अक्षरं तर तीनच आहेत!" युनिकोडमध्ये वेलांटी वेगळी मोजली जाते, हे सांगायला मी फळ्याकडे वळलो. परत पाहतो तर ती चपला घालत होती. अकरा वाजले होते, घरी मेथी निवडायची होती.

हे दर रविवारचेच. अकरानंतर मुली एकेक करून उठतात, मुलगे बसून राहतात. आणि मुली मागे पडतात, असे मी स्वतःच काही महिने म्हणत होतो. २०१९च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ९७. म्हणजे हा काही आपल्याच समाजाचा प्रश्न नाही. पण आपला नाही असेही नाही.

मला तरी हे आधी कळायला हवे होते. माझ्या इंजिनिअरिंगच्या सबमिशनच्या रात्री मला चहा करून देणारी बहीण तेव्हा बारावीला होती. मी स्वयंपाक शिकलो तो तिशीत, एकटा राहू लागल्यावर. अम्मी फोनवर सांगायची, "पाणी उकळलं की पीठ टाक, झाकण ठेव, गरम असतानाच मळ." तरी तांदळाच्या भाकऱ्या कितीतरी दिवस तुटतच होत्या. आता जमतात, आणि खरे सांगायचे तर कोडपेक्षा त्यांचा अभिमान जास्त वाटतो.

मागच्या महिन्यात मुलग्यांना गृहपाठ दिला: एक पदार्थ स्वतः करा, त्याची कृती वेबपेजवर लिहा. चौघांनी केले. एकाला आईनेच स्वयंपाकघरातून बाहेर काढले. एका वडिलांचा फोन आला, "सर, कोडिंग शिकवा, हे कशाला?"

वर्ग दुपारी चारला घ्या, असेही काहींनी सुचवले. मी वेळ बदललेली नाही. पालकांना विनंती एवढीच की रविवारी बाराच्या आत मुलीला बोलावू नका. मेथी वडिलांनाही निवडता येते. तिला त्या ५ चा हिशेब सांगायचा राहिला आहे.