आडनावात आईचं गाव कुठे?

मैत्रिणींनो, आडनाव आपण रोज लिहितो, पण ते आलं कुठून, हे सहसा कुणी विचारीत नाही. शाळेचा हजेरीपट त्या दृष्टीने वाचून बघावा. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या वर्गात देशमुख, पाटील, जोशी असतात, तसेच नागपुरे, उमरेडकर, मडावी, उईके आणि वाघमारेही असतात.

यातली काही नावं हुद्द्याची. पाटील गावचा प्रमुख, देशमुख परगण्याचा, आणि देशपांडे परगण्याचा हिशेब ठेवणारा. चिटणवीस, फडणवीस यांतला ‘नवीस’ फारसी आहे. त्याचा अर्थ लिहिणारा. चंद्रपूर-यवतमाळकडची ‘वार’ने संपणारी नावं तेलुगू मुलखाशी असलेलं जुनं नातं सांगतात. गोंड समाजात आडनावावरून घर किती देवांचं ते कळतं. चार, पाच, सहा की सात देव, हे पाहूनच सोयरीक जुळते. सारख्या देवांच्या घरांत लग्न होत नाही.

काही नावं तर लोकांनीच दिलेली. गाडगेबाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. हाती नेहमी मातीचं गाडगं असायचं, म्हणून ते गाडगेबाबा झाले. घराण्याचं आडनाव आज किती जणांना आठवतं?

‘कर’ची गंमत मात्र वेगळीच. देवळीत राहणाऱ्याला देवळीकर कोण म्हणेल? तिथे सगळेच देवळीचे! माणूस गाव सोडून दुसरीकडे जातो, तेव्हा तिथली माणसं त्याला मागच्या गावावरून ओळखतात. पुढे इंग्रजी अमदानीत शाळा, कोर्ट, पलटण यांच्या नोंदवह्या आल्या आणि तीच ओळख कागदावर पक्की झाली.

आता सांगा, गाव सोडून सगळ्यांत जास्त कोण जातं? आपण बायकाच ना! खेड्यात सुनेला ‘आर्वीवाली’, ‘पुलगाववाली’ म्हणतात. तेही एक आडनावच की! पण ते कुठल्याच वहीत चढलं नाही. म्हणून घराण्याच्या सात पिढ्यांचे पुरुष सांगता येतात, आणि पणजीचं माहेर विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

सगळीकडे असंच असतं असं नाही बरं का. स्पेनमध्ये मुलाला वडिलांकडचं आणि आईकडचं अशी दोन आडनावं मिळतात, आणि लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. आपल्याकडेही लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. शिवाय राज्य सरकारच्या २०२४ च्या निर्णयाने, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला आहे. नातवंडाचा जन्मदाखला हाती आला की हे तपासून घ्या.

नाव बदललं असेल तर शाळा सोडल्याचा दाखला आणि विवाह नोंदणीचा दाखला एकाच पिशवीत जपून ठेवा. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतकाच हक्क मिळाला. पण माहेरच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावायला गेलं, की जुन्या नावाची मुलगी आणि नव्या नावाची बाई एकच, हे दाखवावं लागतं. तिथे तोंडी सांगून भागत नाही.

आणि एक काम या सुटीत कराच. घरातली आजी, आत्या, मावशी यांच्याजवळ वही घेऊन बसा. प्रत्येकीचं माहेरचं नाव, आडनाव, गाव आणि तिच्या आईचं माहेर लिहून घ्या. “काय करायचं ते आता?” असं त्या म्हणतील. तरी लिहाच. हे सांगणारी माणसं घरात आहेत, तोवरच ती वही भरेल.